जोडकाम : एका गिटारीच्या निमित्ताने

महाविद्यालयांतील स्नेहसंमेलनांना जोडून हस्तकलेची प्रदर्शने भरतात आणि त्यांच्या परीक्षक मंडळावर मराठीच्या प्राध्यापकाला हटकून घेतले जाते. का घेतले जाते हे मला अद्याप उमगलेले नाही. अभिप्राय शुद्ध भाषेत लिहिला जावा एवढाच हेतू असावा. अशाच एका मंडळावर दोन वर्षांपूर्वी मी होतो. गारखेड्यात राहणाऱ्या, एम.ए.च्या पहिल्या वर्षातील एका विद्यार्थ्याने तेथे स्वतः तयार केलेली इलेक्ट्रिक गिटार मांडली होती. मंडळातील एका सदस्याने तिची मान हातात धरून विचारले, "ही तू केलीस?" तो म्हणाला, "नाही सर, ही विकत आणली." "आणि हे पिकअप?" "ते पुण्याच्या मित्राच्या मोडक्या गिटारीतले." "मग तू काय केलेस?" त्यावर तो थोडा गोंधळला आणि म्हणाला, "बाकीचे सगळे."

हे उत्तर आम्हांला उद्धटपणाचे वाटले. अभिप्रायाच्या रकान्यात 'स्वनिर्मिती नव्हे; जोडकाम' असे लिहिले गेले. वाक्य माझे होते. अर्धविराम कोठे द्यावा याचीही मी काळजी घेतली होती. त्या वाक्यासंबंधी आता मला काही लिहावयाचे आहे, आणि ते केवळ त्या मुलाची समजूत घालण्यासाठी नव्हे. आपल्या वाङ्मयीन विचारात खोल रुतून बसलेला एक गैरसमज त्या अर्धविरामाच्या पलीकडे दडला आहे, असे माझे मत झाले आहे.

प्रथम त्या गिटारीविषयी. तिचे अंग जुन्या सागाचे होते. शहरातील एक वाडा पाडल्यावर त्याच्या तुळया लाकडाच्या वखारीत आल्या, त्यांतल्या एका तुकड्याचे. मान चीनमध्ये बनलेली, संगणकावरून मागवलेली; तिच्यावरची पट्टी शिसवीची असल्याचे विक्रेत्याने लिहिले होते. (दक्षिण भारतातील शिसव कित्येक दशके परदेशी गिटारींच्या पट्ट्यांसाठी जाते आहे, तेव्हा ही पट्टी माहेरीच परत आली असण्याचाही संभव आहे.) घोडीची पोलादी पाटी चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत मिलिंग यंत्रावर काम करणाऱ्या एका मित्राने सुट्टीच्या दिवशी कापून, छिद्रे पाडून दिली. खुंट्या, स्विच, आवाज कमीजास्त करण्याचे पॉट, तारा हे सारे बाजारातले. म्हणजे यादी पाहिली तर आमचा अभिप्राय बिनचूक होता. ज्यावर 'हे मी केले' असे बोट ठेवून म्हणता येईल असा एकही भाग त्या वाद्यात नव्हता.

परंतु वाद्य म्हणजे भागांची यादी नव्हे, हे मला त्याच्या घरी, सूतगिरणी चौकाजवळच्या एका खोलीत, पुढे तीनचार संध्याकाळी बसल्यावर कळले. मान त्याने फेब्रुवारीत मागवली आणि बसवली जूनमध्ये. मधले चार महिने ती माळ्यावर नुसती पडून होती. मी कारण विचारले. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा. दमट हवेतून आलेले लाकूड येथे आल्यावर आक्रसते, पण त्यात ठोकलेले धातूचे पडदे, म्हणजे फ्रेट, आक्रसत नाहीत. त्यांची टोके कडेने बाहेर येतात आणि वाजवणाऱ्याचा तळहात ओरबाडतात. घाईने मान बसवून पडदे घासले असते तर मे महिन्यात सगळे काम पुन्हा करावे लागले असते. म्हणून त्याने लाकडाला आधी एक उन्हाळा पाहू दिला. मग प्रत्येक पडद्याच्या माथ्यावर काळ्या पेनाची शाई लावली, सपाट कानस फिरवली, शाई जेथे उरली तो पडदा खोल आणि जेथे पुसली गेली तो उंच, असे ओळखत बावीस पडदे एका पातळीत आणले. नंतर सपाट झालेल्या प्रत्येक माथ्याला पुन्हा गोलाई दिली. या कामाला त्याचे अकरा दिवस गेले.

सागाच्या अंगात मानेसाठी कोरलेली खोबण सुताराकडून अंदाजे एक मिलिमीटर जास्त खोल गेली होती. परिणामी तारा पडद्यांपासून फार उंच राहत आणि घोडी कितीही खाली घेतली तरी भागत नसे. उपाय म्हणून त्याने खोबणीच्या तळाशी, मागल्या कडेला, जाड कागदाची अरुंद पट्टी घातली. मान केसभर मागे कलली आणि तारा बोटांखाली आल्या. कागद लग्नपत्रिकेचा होता.

विजेचे प्रकरण याहून मजेचे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार वर थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत सूक्ष्म प्रवाह उमटतो. मात्र हे वेढे तारेचे जसे ऐकतात तसे घरातल्या विजेचेही ऐकतात. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली उलटसुलट वेढ्यांची दोन वेटोळी शेजारी ठेवून ही गुणगुण मारण्याची युक्ती काढली. या मुलाचे पिकअप मात्र एकेरी वेटोळ्याचे होते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. पेटीच्या भाषेत हा नाद पांढरी पाचच्या किंचित वर पडतो. अमेरिकेतील ६० आवर्तनांची गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध पडते. म्हणजे परदेशी नमुन्याची गिटार आपल्याकडे जोडली की तिला देशी तंबोरा फुकट मिळतो, तोही बेसूर. त्याने पिकअपच्या खोबणी आतून तांब्याच्या चिकटपट्टीने मढवल्या, सगळे अर्थिंग एका बिंदूवर आणले, तरी गुणगुण उरली. अखेर दोष गिटारीत नसून खोलीच्या भिंतीत निघाला. सॉकेटमधील अर्थिंगची तार कशालाच जोडलेली नव्हती.

'बाकीचे सगळे' ते हे.

मराठीत यंत्राचे भाग एकमेकांत बसवणाऱ्याला 'जोडारी' म्हणतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्या नावाचा अभ्यासक्रम आहे. छापखान्यातील खिळे जुळवणाराही आपल्याला आठवतो. हे दोन्ही शब्द कामगाराचे आहेत. उलट 'घडवणे' हा शब्द आपण मूर्तिकारासाठी, कवीसाठी, फार तर सोनारासाठी राखून ठेवतो. जो एका द्रव्यातून वस्तू काढतो तो निर्माता आणि जो अनेक तयार वस्तू एकत्र आणतो तो मजूर, अशी ही अलिखित वर्णव्यवस्था आहे. ती प्रत्यक्षात कोठे टिकते हे पाहू लागलो तेव्हा माझी पंचाईत झाली.

इलेक्ट्रिक गिटारीच्याच इतिहासात ती टिकत नाही. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणारे लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. १९५० च्या सुमारास त्यांनी बाजारात आणलेल्या आणि पुढे टेलिकास्टर म्हणून प्रसिद्ध झालेल्या गिटारीत मान अंगाला चिकटवलेली नसून चार स्क्रूंनी बसवली होती. हेतू सरळ होता : मान बिघडली तर काढून दुसरी लावता यावी. वाद्य मुळातच सुटे होणारे, म्हणून पुन्हा जोडता येणारे होते. त्यापूर्वी, १९४० च्या आसपास, लेस पॉल यांनी पाइनच्या चार इंची चौरस ओंडक्यावर तारा आणि पिकअप चढवून वाद्य केले. ऐकणाऱ्यांना ते पटेना, म्हणून एक साधी गिटार मधोमध कापून तिचे दोन अर्ध त्यांनी ओंडक्याच्या दोन बाजूंना लावले. आवाज ओंडक्याचाच राहिला. तो कापलेला पोकळ डौल केवळ श्रोत्यांच्या समाधानासाठी होता. वस्तू आधी मान्य आकारात दिसावी आणि मग तिला कान द्यावा, ही सवय परीक्षक मंडळांपुरती मर्यादित नाही, एवढाच मला यातून दिलासा मिळाला.

एडी व्हॅन हेलनचे उदाहरण तर आमच्या अभिप्रायाचे सरळ खंडन करणारे आहे. त्याच्याच सांगण्यानुसार ५० डॉलरचे अंग आणि ८० डॉलरची मान घेऊन, त्यात दुसऱ्या कंपनीच्या जुन्या गिटारीतला दुहेरी पिकअप बसवून त्याने सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर एक गिटार जोडली. १९७८ साली आलेल्या त्यांच्या वाद्यवृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने रॉक गिटारवादनाची भाषा बदलली ती या वाद्यावर. त्या गिटारीच्या छायाचित्रात पिकअप तिरका बसवलेला दिसतो. तो शोभेसाठी तिरका नाही. पिकअप ज्या जातीच्या गिटारीसाठी बनला होता तिच्या तारांमधील अंतर कमी आणि या घोडीवर ते अधिक. सरळ बसवला असता तर कडेच्या तारा चुंबकांच्या वरून गेल्याच नसत्या. दोन कंपन्यांच्या मोजमापांचे भांडण त्याने तिरकेपणाने मिटवले. पिकअप शिट्टी मारू लागला तेव्हा तो वितळलेल्या मेणात बुडवून काढला. त्या वाद्यात त्याने 'घडवलेले' असे काय आहे? एक कोन आणि थोडे मेण. पण तो कोनच त्या वाद्याचा कर्ता आहे, असे मी म्हणेन. भाग एकमेकांसाठी बनलेले नसतात तेव्हा त्यांच्यात फट राहते, आणि जोडणाऱ्याचे मन वस्तूत दिसते ते त्या फटीत.

पुढची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. २००७ साली याच गिटारीच्या ३०० प्रतिकृती काढण्यात आल्या, प्रत्येकी २५,००० डॉलर किमतीच्या. मूळ वाद्यावरचे ओरखडे, सिगारेटचे डाग, सारे जसेच्या तसे. १३० डॉलरच्या जोडकामाची ती कारागिरांनी कष्टाने घडवलेली नक्कल. आता यातले कोणते स्वनिर्मित आणि कोणते जोडकाम, हे आमच्या मंडळाने ठरवून द्यावे.

इंग्लंडमध्ये ब्रायन मे यानेही १९६३ साली वडिलांच्या मदतीने गिटार करायला घेतली. तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, तारा ढिल्या करणाऱ्या यंत्रणेतील स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. या वाद्यासमोर पुढे जन्मभर ज्याने गायले तो फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. याचा आपल्या विषयाशी काही संबंध नाही, पण सातारा जिल्ह्याचा उल्लेख एरवी या चर्चेत आला नसता. असो.

यावर कोणी म्हणेल, ही सगळी यंत्रयुगातली, साहेबाच्या देशातली उदाहरणे. आपली वाद्ये मात्र एका हातातून, एका परंपरेतून उतरतात. माझीही तशीच कल्पना होती. ती मिरजेने मोडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंबोरा आणि सतार तयार करण्यास आरंभ केला असे तेथील परंपरा सांगते. हत्यारांचा व्यवसाय ओसरल्यावर हात वाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन वस्तूचे एका गावाशी असलेले अतूट नाते मान्य करते. आता त्या तंबोऱ्याकडे पाहा. भोपळा मंगळवेढ्याच्या शेतातला. लाकूड कर्नाटकातल्या जंगलातले. तार कारखान्यात ओढलेली. भोपळा शेतकऱ्याने पिकवला, वेलीवर वाळवला. मिरजेच्या कारागिराने निवडला. शेकडो भोपळ्यांतून हा घ्यायचा आणि तो नाही, हे तो बोटाने टिचकी मारून, वजन हातात तोलून ठरवतो. मग दांडी, तबली, घोडी, खुंट्या, मणी. मिरजेत मिरजेचे असे काय आहे?

आहे ते जवारीत आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अत्यंत अल्प उतार दिलेला असतो. तार त्या उतारावरून सुटताना पृष्ठभागाला क्षणोक्षणी घासते आणि तो घासण्याचा संबंध जितका नेमका तितके स्वर उमलतात. कानसीचा एक फटका जास्त पडला की तार मुकी होते किंवा झणझणते. त्यावर तारेखाली सुताचा दोरा सरकवून शेवटची जागा शोधायची. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ साली निधन होईपर्यंत त्या गावाचेच राहिले. त्यांना वाद्यदुरुस्तीचा आणि जवारीचा हात होता, हे त्यांच्याविषयी आवर्जून सांगितले जाते. गाणाऱ्याचा कान आणि जोडणाऱ्याची कानस एकाच गावात राहत होती. गायक घोडी परत करी, कारागीर पुन्हा बसे. मिरजेचा तंबोरा घडला तो या देवघेवीत. सुताचा दोरा आणि लग्नपत्रिकेची पट्टी यांत मला तरी जातीचा फरक दिसत नाही.

फरक आहे तो वेगळा, आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मिरजेच्या कारागिराला नकार देणारा गवई होता. गारखेड्यातील मुलाला नकार देणारा कोणी नाही. आहेत ते 'ही तू केलीस?' असे विचारणारे. त्याच्या गिटारीची तार बाराव्या पडद्यावर दाबली असता येणारा स्वर आणि तेथेच हलका स्पर्श केला असता येणारा स्वर जुळतो की नाही, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. विचारले असते तर तिसऱ्या तारेत किंचित खोट सापडली असती. ती त्याने नंतर स्वतः मला दाखवली. म्हणजे वाजवी कारणासाठी गुण कापण्याची संधी आम्ही गमावली आणि गैरवाजवी कारणासाठी कापले. त्याने मान स्वतः का केली नाही, हेही मी उशिरा विचारले. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा ३६.३७ मिलिमीटरवर यावा लागतो आणि पुढचा प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागून मिळतो. एका ठिकाणी अर्धा मिलिमीटर चुकला तर तो स्वर कायमचा खोटा. "सर, मान मी कापली असती," तो म्हणाला, "पण ती खोटं बोलली असती." आपण काय करू नये हे ज्याला कळते त्याला मी अजाण कसे म्हणावे? सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारीचे येत नाहीत. म्हणून सतार करणाऱ्याला जे धाडस परवडते ते याला परवडत नाही. हा निर्णय कारागिराचाच आहे.

हे सारे ज्या शहरात घडले त्या शहराने तरी आम्हांला शहाणे करावयास हवे होते. येथील हिमरू वस्त्राचे नावच 'सारखे', 'तत्सम' अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून आले आहे असे सांगतात. सोन्यारुप्याच्या तारांनी विणलेल्या किनखापाची ती सूत आणि रेशमात केलेली प्रतिकृती. सुताच्या ताण्यावर रेशमाचा बाणा घालून किनखापाचा भास निर्माण करताना एक वेगळेच मऊ, उबदार कापड जन्माला आले. बीबी का मकबऱ्याला ताजमहालाची नक्कल म्हणून हिणवण्याची प्रथा आहे. तो बांधणाऱ्या अताउल्लाचे नाव दरवाज्यावर कोरलेले आहे आणि तो ताजच्या वास्तुकाराचा मुलगा होता, ही गोष्ट मार्गदर्शक सांगतात आणि प्रवासी विसरतात. मुलाने वडिलांच्या घरातील मापे घेतली आणि कमी पैशांत, कमी संगमरवरात ती जुळवताना त्याची जी ओढाताण झाली ती त्या उंच, अरुंद घुमटात दिसते. मला तो घुमट आवडतो. ताजपेक्षा नव्हे, पण ताज विसरून.

आता आपल्या घरात येऊ. मराठी विभागांत आम्ही वर्षानुवर्षे एक उद्योग केला आहे : कोणाच्या लेखनात काय कोठून आले ते शोधण्याचा. मर्ढेकरांच्या कवितेत एलियट सापडला की प्रबंधाचे एक प्रकरण उरकते. शोध घेण्यास हरकत नाही. भाग कोठले हे ठाऊक असावेच. परंतु शोध तेथेच थांबतो आणि 'प्रभाव' या शब्दाखाली न्यायनिवाडाही होऊन जातो. ज्या मर्ढेकरांना या तराजूत घातले जाते त्यांनीच संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तत्त्वांवर सौंदर्याचा विचार उभा केला होता. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधील त्या विचारानुसार सौंदर्य घटकांमध्ये नसते, घटकांच्या परस्परसंबंधांत असते. हे आम्ही परीक्षेत दहा गुणांच्या प्रश्नासाठी शिकवतो आणि लेखकाचे मूल्यमापन करताना घटक मोजत बसतो. त्याच हिवाळ्यात मी एका विद्यार्थिनीच्या कथेवर 'रचना उसनी' असा शेरा दिला होता, हेही येथे कबूल करतो. रचना उसनी होतीच. एका अनुवादित कथेचा सांगाडा तिने उचलला होता आणि त्यात जालन्याच्या मोंढ्यातील हमालांची भाषा बसवली होती. त्या दोहोंची जेथे गाठ पडत होती, जेथे सांगाडा त्या भाषेला पुरा पडत नव्हता आणि तिने परिच्छेद मोडून वाट काढली होती, ते पान मी नुसते उलटून पुढे गेलो.

आपले पूर्वसूरी या बाबतीत अधिक निर्मळ होते. संगीत नाटकांची जुनी पुस्तके उघडावी. पदाच्या माथ्यावर 'चाल' असे छापलेले असते आणि पुढे ज्या गाण्यावरून चाल घेतली त्याचे नाव. कधी लावणी, कधी उर्दू ठुमरी, कधी कानडी पद. नाटककार स्वतःच सांगतो की हा भाग माझा नाही, तो येथून आणला. आणि मग त्या चालीत मराठी शब्द असे बसवतो की मूळ गाणे आज कोणाला आठवत नाही, पद मात्र आठवते. देवलांचे 'संशयकल्लोळ' हे मोलिअरच्या नाटकावरून मर्फीने इंग्रजीत केलेल्या नाटकाचे मराठी रूप. फ्रेंच अंग, इंग्रजी मान, गंधर्वांच्या रंगमंचावरचा ऑर्गन. फाल्गुनरावाचा संशय मात्र अस्सल येथलाच, कारण तो ज्या बोलीत कुरकुरतो ती बोली देवलांची आहे. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' केले तेव्हा सर्वांत अवघड प्रश्न कथानकाचा नव्हता. इंग्रजीत उच्चारांवरून वर्ग ओळखतो. मराठीत कशावरून ओळखतो? 'न' आणि 'ण' वरून, हे उत्तर शोधणे म्हणजे पिकअपचा तिरका कोन शोधणे होय. देशीवादाच्या चर्चेत आपण मातीतून उगवण्याचे रूपक फार वापरले. भोपळा मातीतून उगवतो हे खरे. तंबोरा उगवत नाही.

माझ्या म्हणण्याचा एक दुरुपयोग होऊ शकतो, तो आधीच अडवून ठेवतो. मग काय, चार भाग विकत घेणारा प्रत्येक जण निर्माता ठरला? नाही. आज मोठ्या गिटार कंपन्यांच्या संकेतस्थळांवर 'तुमची गिटार तुम्हीच बनवा' अशी सोय असते. लाकूड निवडा, रंग निवडा, पिकअप निवडा. प्रत्येक खिडकीत पाचसहा पर्याय. काही आठवड्यांनी वाद्य दारात. येथे निवड आहे, पण निवडीचा परिणाम निवडणाऱ्याला भोगावा लागत नाही, कारण यादीतील प्रत्येक भाग प्रत्येक भागाला बसेल याची व्यवस्था आधीच झालेली आहे. त्यात फट नाही, म्हणून लग्नपत्रिका नाही. वाङ्मयात याची उदाहरणे देण्याची गरज नाही. दिवाळी अंकांच्या वाचकांना ती पाठ असतील. ग्रामीण कथा : दुष्काळ, सावकार, आत्महत्या, शेवटी पाऊस. महानगरीय कविता : लोकल, फ्लॅट, एकटेपणा, शेवटी समुद्र. हे भाग एकमेकांत इतके सहज बसतात की लेखकाला कानस हातात घ्यावीच लागत नाही. गंमत अशी की अशा लेखनावर 'उसने' असा शेरा आम्ही कधी देत नाही. ते आम्हांला घरचे वाटते.

गिटारीच्या मालकाला मी माझा अभिप्राय मागे घेतल्याचे सांगितले. त्याला त्याचे विशेष काही वाटलेले दिसले नाही. तो तेव्हा तिसऱ्या तारेची खोट काढण्यात गुंतला होता आणि घोडीवरचा स्क्रू पाव फेरा फिरवून पुनःपुन्हा ऐकत होता. यंदा प्रदर्शनाचा अर्ज नव्याने छापायचा होता. 'सदर वस्तू पूर्णतः स्वनिर्मित आहे' हे प्रतिज्ञापत्र काढून तेथे 'कोणता भाग कोठून आणला आणि तो बसवताना काय करावे लागले' असा रकाना घालावा, असे मी सुचवले. पुष्कळ वाद झाला. अर्ज लांबतो, विद्यार्थी खोटे लिहितील, परीक्षकांना वेळ नसतो. शेवटी रकाना आला, पण निम्म्या आकाराचा. त्याने यंदा पुन्हा अर्ज भरला आहे, त्याच गिटारीचा. अक्षर बारीक करून त्याने सगळे बसवले आहे : अंग, वाड्याची तुळई, मान, चीन, एक उन्हाळा माळ्यावर, घोडी, मित्र, चिकलठाणा, खोबण, ताईच्या लग्नातली उरलेली पत्रिका, दीड इंच.